मालदीवच्या मुली पेणमार्गे

लोक काश्मीरला जातात, युरोपला जातात आणि परत आल्यावर लिहितात. मी मुंबईहून माझ्याच घरी रोह्याला गेले आणि आठवड्याने पुन्हा मुंबईला आले, एवढाच माझा प्रवास. ही वाट मी जन्मभर तुडवली आहे. पण मागच्या मे महिन्यात ती ज्यांच्याबरोबर केली, त्यांनी आयुष्यात डोंगर पाहिला नव्हता की नदी पाहिली नव्हती. त्यांच्याबरोबर मीही ती पहिल्यांदाच पाहिली असं म्हटलं, तर वाचकांनी नाक मुरडू नये.

मी रोह्याच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. मुंबईत शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय पोहण्याची स्पर्धा होती, आणि स्वयंसेवक म्हणून माझी नेमणूक मालदीवच्या संघावर झाली. संघ म्हणजे दोन मुली आणि एक प्रशिक्षक. इतर देशांचे संघ बसमधून उतरायचे, आमचा टॅक्सीत मावायचा. मरियम सतरा वर्षांची, राजधानीतली, तोंडाचा पट्टा सतत चालू. शिफा चौदाची, कुठल्याशा लांबच्या बेटावरची, आणि इतकी अबोल की पहिल्या दिवशी मला वाटलं हिला इंग्रजी येत नाही. येत होतं, माझ्यापेक्षा चांगलं. प्रशिक्षक इब्राहीमभाई पन्नाशीचे. सिनेमे बघून हिंदी शिकलेले, त्यामुळे साधा चहा मागतानासुद्धा त्यांच्या बोलण्यात नायकाचा आवेश असायचा.

सरावाच्या शर्यतीत शिफा बाद झाली. दोनशे मीटर पोहायचं, म्हणजे मोठ्या तलावात तीनदा वळायचं आणि प्रत्येक वळणाला भिंतीला स्पर्श करायचा. पोरगी माशासारखी गेली आणि भिंतीच्या वीतभर अलीकडून गर्रकन फिरली. तिन्ही वेळा तेच. पंचांनी हात वर केला, आणि निकालाच्या फळ्यावर तिच्या नावापुढे वेळेच्या जागी आडवी रेघ आली.

"पिछले साल भी यही हुआ," इब्राहीमभाई मला म्हणाले. त्यांच्याकडे पोहण्याचा तलावच नाही. समुद्रात दोरी ताणतात, टोकाला एक खुंटा ठोकतात आणि त्याला वळसा घालून परत येतात. मरियम राजधानीत समुद्रातच लाकडी फळ्या ठोकून केलेल्या चौकटीत पोहते, तिला भिंतीची सवय होती. शिफाच्या बेटावर फक्त खुंटा. पण खरी गोष्ट पुढेच होती. त्यांच्या मंडळातल्या काही वडीलधाऱ्यांना मुली पाठवणं मुळातच पसंत नव्हतं. दर वेळी एखादी मुलगी बादच होऊन येणार असेल तर पुढच्या वर्षीपासून फक्त मुलगे जातील, असं निघताना त्यांना बजावलं होतं. शिफाला पदक नको होतं. तिला नावापुढे वेळ हवी होती, कितीही वाईट असली तरी चालेल.

आणि नेमकं तेव्हाच स्पर्धेच्या तलावाचं पाणी बदलायला काढलं, तलाव आठवडाभर बंद. मोठ्या संघांनी आपापल्या हॉटेलांत सोय केली. आमचे तिघे वसतिगृहाच्या खोलीत पंख्याकडे बघत बसलेले. मला राहवेना. आमच्या ह्यांच्या कंपनीच्या कॉलनीत एक लहान तलाव आहे, आणि शुक्रवारी माझ्या भाचीची हळद होती, त्यासाठी मला एरवीही गावी जायचंच होतं. म्हटलं, चला माझ्याबरोबर. वरिष्ठांची परवानगी काढली आणि ट्रॅक्स गाडी ठरवली. अतिथी देवो भव म्हणायला आपलं काय जातं, पण अंथरुणं कितीजणांची आहेत हे आठवून मी वाटेत जरा घाबरलेच होते.

जोहे

पनवेल सोडलं आणि मुलींनी काचेला नाक लावलं. डोंगर दिसला की मरियम ओरडायची. त्यांच्या देशातलं सगळ्यात उंच ठिकाण माणसाच्या उंचीहून फार नाही म्हणे. शिफाने मला हळूच विचारलं, "टीचर, हा पडत नाही का?"

"अजून तरी नाही पडला," मी म्हटलं. त्यावर तिने बराच वेळ डोंगरावर नजर ठेवली.

हमरापूरच्या फाट्याजवळ टायर पंक्चर झाला. उन्हात उभं राहण्यापेक्षा म्हणून मी त्यांना आत, मूर्ती घडवणाऱ्यांच्या जोह्याला नेलं. मे महिना म्हणजे तिथे घराघरांतून गणपतीच गणपती, अजून रंग नाही, डोळे नाहीत, पांढरे नुसते. कारखान्यातल्या बाईंनी पाण्याचे तांबे दिले आणि पाहुण्या कुठल्या म्हणून विचारलं. मी सांगितलं, समुद्रातल्या बेटांवरच्या.

"म्हंजे सगलीकडं पानीच? मंग इसर्जनाला बरं," बाई म्हणाल्या.

त्यांचा धर्म वेगळा, त्यांच्याकडे गणपती नसतो, हे मी समजावलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी मातीचा एक गोळा मरियमच्या हातात दिला आणि तिने लगेच त्याचं कासव केलं. शिफाला दिला तर ती दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली. लाजली असेल, असं मला तेव्हा वाटलं.

गडब

पेणला थांबून पोह्याचे पापड घेतले, कारण रिकाम्या हाताने माहेरी जायची आमच्यात पद्धत नाही. संध्याकाळी गडबला भावाच्या दारात उतरलो तर मांडव पडलेला, बेंजो लागलेला, आणि निम्मं गाव ओट्यावर. परदेशी पाहुण्या आल्यात म्हटल्यावर नवरीला विसरून सगळे आमच्याभोवती.

माझी वहिनी म्हणजे बोलायला फटकळ आणि करायला पुढे. हळदीला आमच्याकडे मटण असतं. पाहुण्यांना ते कसं कापलंय याची पंचाईत होईल हे तिच्या आधीच लक्षात आलेलं. तिने खाडीतलं जिताडं आणवलं होतं, वर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट. इब्राहीमभाईंनी सुकटीचा घास घेतला आणि डोळे मिटले.

"बहनजी, ये तो मेरे घर का नाश्ता है!"

त्यांच्याकडे सकाळी सकाळी सुकवलेला मासा, ओलं खोबरं आणि कांदा कालवून पोळीबरोबर खातात. सकाळी मासा खातात हे ऐकून वहिनी म्हणाली, "मंग आमच्यातलीच मानसं हायत की!" पंक्तीत त्यांना तिसऱ्यांदा वाढलं गेलं. नको म्हणण्यासाठी पानावर आडवा हात धरायचा असतो हे बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. ते नुसतं "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिले, आणि आमच्याकडे थँक्यूचा अर्थ आणखी वाढा असाच होतो.

मग हळद. भाचीला हळद लागली, आणि उरलेल्या हळदीत बायकांनी एकमेकींना माखलं. मरियम पहिल्या पाच मिनिटांत पिवळीधम्मक होऊन नाचायला लागली. आमच्या घरची एक रीत आहे. हळदीला आलेल्या प्रत्येक बाईने घराच्या भिंतीवर हळदीचा हात उठवायचा. मागच्या लग्नांचे हात चुन्याखाली जातात, नव्या लग्नाला नवे. आम्ही सगळ्यांनी उठवले. मरियमने दोन उठवले. शिफाची पाळी आली.

वहिनीने तिचा हात हळदीत बुडवला. "लाव गो बाय."

शिफा भिंतीपर्यंत गेली आणि थांबली. तिची बोटं आपोआप मिटली, मूठ झाली. बायका हसल्या. वहिनीने पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. पोरीचे डोळे भरून आले. तेव्हा इब्राहीमभाई पुढे आले आणि त्यांनी मला ते सांगितलं जे मुंबईतच सांगायला हवं होतं. शिफाच्या बेटाला एकच धक्का आहे, पोवळ्याच्या दगडांचा, पाण्याखाली सगळा कालवांनी आणि काटेरी समुद्री जनावरांनी भरलेला. लहानपणी पोहता पोहता ती त्याच्यावर आपटली आणि तळहात फाटला. तिथे डॉक्टर नव्हता. होडीतून दुसऱ्या बेटावर नेईपर्यंत आईने तिचा हात आपल्या हातात आवळून धरला होता. तेव्हापासून आईचं एकच सांगणं: भिंतीला हात लावू नको.

मी तिची मूठ सोडवून पाहिली. अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत पांढरा वण.

मला काय झालं ते सांगते. मी खाडीकाठची. माझे वडील मिठागरावर होते. बांधाला उघडी असते, म्हणजे भरतीचं पाणी आतबाहेर सोडायचं दार, आणि तिच्या दगडांना अशीच कालवं धरतात. उघडीपाशी डुंबायला गेलो की आई काठावरून ओरडायची, "दगडांना हात नको लावूस गो!" इतक्या दूरच्या समुद्रात कुणी दुसरी आई तेच ओरडत होती. मला ती पोरगी एकदम माझी वाटली.

वहिनीला सगळं सांगितलं. तिने आपला स्वतःचा हात भिंतीवर सपाट ठेवला आणि शिफाला डोळ्यांनी खूण केली. शिफाने जरा वेळाने आपला हात वहिनीच्या हातावर ठेवला. दोघी तशाच उभ्या. बेंजोवाला थांबायला तयार नव्हता, त्याला भावाने दटावलं. मग वहिनीने आपला हात अलगद, बोटाबोटाने खालून काढून घेतला. हळदीचा एक लहान हात भिंतीवर उठला.

"काय झाला? चावली काय भित?" वहिनी म्हणाली, आणि सगळ्या बायका मिळून हसल्या. या खेपेला शिफाही हसली.

वरसे

रोह्याला जाताना नागोठण्यानंतर खिंड लागते. गाडी चढायला लागली तशी मरियम गप्प झाली आणि वर पोचेपर्यंत तिला उलटी झाली. जन्मभर होडीत हेलकावे खाल्लेल्या मुलीला वळणाचा रस्ता सोसेना, याचं इब्राहीमभाईंना फार हसू आलं. पुढच्या वळणाला त्यांनाही उलटी झाली.

आमचं घर रोह्यालगत वरशाला. दोन खोल्या, वर गच्ची. मुली गच्चीवर झोपायच्या, इब्राहीमभाई पुढच्या खोलीत. आमचे हे शिफ्टवरून यायचे ते पाहुण्यांसाठी पाव घेऊनच, कारण परदेशी माणसं पावच खातात अशी त्यांची समजूत. ते तिघे पाव बाजूला ठेवून माशाचं कालवण भातावर मागून घ्यायचे. दोन्हीकडून आग्रह चालू होता आणि कुणीच ऐकत नव्हतं.

कॉलनीचा तलाव लहान, मोठ्या तलावाच्या निम्मा. म्हटलं हे बरंच झालं, भिंत लवकर येईल. पहिल्या सकाळी शिफा आली आणि वीतभर अलीकडून वळली. पुन्हा आली, पुन्हा वळली. घराची भिंत वेगळी आणि पाण्यातली वेगळी.

मी गेल्या कित्येक वर्षांत पाण्यात उतरले नव्हते. त्या दिवशी पंजाबी ड्रेससकट उतरले. रखवालदार नियम सांगायला लागला, त्याला म्हटलं तुझा मुलगा माझ्या वर्गात आहे. मी पाण्याखाली भिंतीवर हात सपाट ठेवून उभी राहिले. शिफा आली आणि तिने माझ्या हाताला हात लावून वळण घेतलं. मग मी दुसऱ्या टोकाला. मग परत. चार दिवस मी भिंत झाले होते. वेगात येणारी पोरगी हात कशी मारते ते माझ्या बोटांना विचारा. सुजून भरीत झालं. भाकरी थापता येईना, तेव्हा घरी ह्यांनी भात लावला आणि तो करपवला.

शेवटच्या सकाळी मी हात काढून घेतला. शिफा आली. रिकामी भिंत पाहिली आणि वीतभर अलीकडून वळली.

मी पाण्यातच उभी होते म्हणून डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसलं नाही. इब्राहीमभाई काठावर बसून होते. "कोई बात नहीं, बहनजी," ते म्हणाले, पण सिनेमातला आवाज त्या दिवशी निघाला नाही.

कुंडलिका

त्याच संध्याकाळी त्यांना नदीवर नेलं, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. आमची कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, वर भिऱ्याच्या वीजघराचं पाणी सोडतात म्हणून. पलीकडे कुठेतरी कोकण रेल्वेच्या कामाचे आवाज येत होते. मुली घाटाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून पाण्याकडे बघत राहिल्या.

"हे परत कधी येतं?" शिफाने विचारलं.

"येत नाही. जातं ते जातंच."

भरती-ओहोटीच्या मुलीला हे पटेना. सगळं पाणी एकाच बाजूला जाऊन संपत कसं नाही, हे तिने मला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. मी भूगोलाच्या बाईंकडून उसनं घेतलेलं सगळं ज्ञान संपवलं. मग ती पाण्यात उतरली, पाण्याची चव घेतली आणि मरियमला ओरडून सांगितलं की गोड आहे.

ती पोहायला लागली, पण नदी काही तिच्या ओळखीची नव्हती. ओढीने तिला बाजूला नेलं. मी हाक मारते तोवर ती खालच्या घाटाकडे चालली होती. घाबरायचं कारण नव्हतं, तिथे पाणी कमरेएवढं, पण तिला ते कुठे माहीत? घाटाची दगडी भिंत समोर आली आणि तिने दोन्ही तळहात तिच्यावर टेकले. टेकले, आणि ओढ सोसत तशीच धरून राहिली. मी धावत पोचले तेव्हा ती आपले तळहात बघत होती. नुसतं शेवाळ लागलं होतं.

इब्राहीमभाईंनी तोंडावर बोट ठेवून मला आधीच गप्प केलं होतं. एकदा झालेलं पुन्हा होईल की नाही हे बघायला आता तलावावर जायला वेळ नव्हता.

पुन्हा मुंबई

शर्यतीच्या दिवशी स्वयंसेवकांना काठावर जाऊ देत नव्हते. मी वर प्रेक्षकांत मरियमजवळ बसले होते. मरियम आपली शर्यत आदल्या दिवशी पोहून पाचवी आली होती आणि त्याबद्दल अजून बोलत होती. शिफा बाहेर आली तशी तीही थांबली. आठ मुली, शिफा अगदी कडेच्या लेनमध्ये. तळहातावर हळदीचा रंग अजून पुसटसा उरला होता, पण तो आम्हालाच माहीत.

शिट्टी झाली. पहिली लांबी ती चांगली पोहली, चौथी-पाचवी असेल. मग भिंत आली. बाकीच्या मुली आपटून वळल्या आणि निघून गेल्या. शिफा थांबली. पाण्यात उभी राहिल्यासारखी, भिंतीपासून हातभर. आमच्या मागे कुणीतरी हसलं. मरियमने वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा हसला नाही. पंच वाकून पाहत होता. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

शिफाने हात पुढे केला. तवा तापला का बघतो ना आपण, तसा. बोटं टेकवली, मग तळहात टेकवला, आणि वळली.

दुसऱ्या वळणाला ती थोडं कमी थांबली. तिसऱ्या वळणाला थांबलीच नाही, चापट मारून निघाली, तिचा आवाज मला वर ऐकू आला म्हटलं तर खोटं वाटेल. तोवर बाकीच्या सातजणी पोहून बाहेर आल्या होत्या, टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या. शिफा एकटी येत होती. शेवटच्या भिंतीला तिने दोन्ही हात लावले आणि काढेचना. पंचांना तिला बाहेर या म्हणून सांगावं लागलं.

शेवटून पहिली आली पोरगी. फळ्यावर तिच्या नावापुढे तीन मिनिटांवर काही सेकंद असे आकडे लागले. रेघ नव्हती. खाली काठावर इब्राहीमभाई त्या फळ्याकडे बोट दाखवून अनोळखी माणसांना सांगत सुटले होते, "टाइम लग गया! हमारी लड़की का टाइम लग गया!" मी खाली पोचले तेव्हा शिफाने मला तो आकडा वाचायला लावला. मग पुन्हा वाचायला लावला. पुढच्या वर्षी मुली येणार, असं इब्राहीमभाई म्हणाले, आणि आता कोण अडवतो ते बघतो, हेही त्यांच्या सिनेमातल्या आवाजात म्हणाले.

संध्याकाळी आम्ही चौघे रस्त्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरलो. शिफाच्या बेटावर एकच फोन आहे, बेटाच्या कचेरीत. आई दुपारपासून तिथे येऊन बसली होती. फोन लागला. काचेच्या त्या खोक्यात शिफा भडाभडा बोलत होती. त्यांची भाषा मला येत नाही, पण आकडा मी ओळखला. तो तिने दोनदा सांगितला. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि ती एकदम थांबली.

मी इब्राहीमभाईंकडे पाहिलं. ते दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला.

"माँ पूछ रही है," ते म्हणाले, "हाथ तो नहीं कटा?"

शिफाने मान हलवली. आईला मान दिसणार नाही हे तिच्या लक्षात आलं असावं. तिने उजवा तळहात उघडला आणि रिसीव्हरसमोर धरला, आईने नीट बघून घ्यावा म्हणून.